निवडणूक मागणारे सरकार, नाकारणारे विरोधक : ब्रेग्झिटच्या पेचाची उकल

४ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे तिथल्या लोकसभेत, मुदतपूर्व निवडणुकीचा प्रस्ताव मांडला. बाजूने २९८ मते पडली, विरोधात अवघी ५६. आपल्याकडच्या कोणत्याही सभागृहात हा आकडा दणदणीत विजयाचा ठरला असता. तिथे मात्र प्रस्ताव फेटाळला गेला. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की निवडणूक घ्या म्हणून दोन वर्षे घसा कोरडा करणारा प्रमुख विरोधी मजूर पक्ष त्या मतदानात तटस्थ बसून राहिला. पाच दिवसांनी पुन्हा तोच प्रस्ताव आला आणि २९३ विरुद्ध ४६ मते मिळूनही पुन्हा पडला. ऑक्टोबरच्या अखेरीस तिसऱ्यांदा आला, २९९ विरुद्ध ७०, आणि तरीही पडला. सरकार म्हणत होते, आम्हाला मतदारांपुढे जाऊ द्या. विरोधक म्हणत होते, तुम्ही आहात तिथेच बसा.

त्या दिवसांत हा तमाशा जगभर पाहिला गेला, पण त्यामागचे गणित फारसे कोणी उलगडून सांगितले नाही. आता आपल्याकडे एकत्रित निवडणुकांच्या विधेयकामुळे सभागृहाची मुदत कायद्याने बांधून टाकावी का, हा प्रश्न उभा राहिला आहे आणि त्या चर्चेत ब्रिटनचे नाव अधूनमधून येते. म्हणून ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी.

मुळात कौल कशाला दिला होता?

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. युरोपीय महासंघात राहायचे की बाहेर पडायचे, एवढाच प्रश्न मतपत्रिकेवर होता. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के मते पडली, राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के. बाहेर पडणे म्हणजेच ब्रेग्झिट.

आता एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण घेऊ. सर्वसाधारण सभेत ठराव आला, ‘ही इमारत सोडायची’. शंभरांपैकी ५२ सभासदांनी हात वर केले, ४८ जणांनी केले नाहीत. ठराव रीतसर मंजूर झाला, याबद्दल वाद नाही. पण कुठे राहायला जायचे, जुन्या इमारतीच्या गच्चीवर आणि पाण्याच्या टाकीवर आपला काही हक्क राहणार का, बिल्डरचे देणे कोण भागवणार, हे कोणी विचारलेच नव्हते. त्या ५२ जणांमध्ये समोरच्याच गल्लीत जाऊ इच्छिणारे होते आणि थेट दुसऱ्या गावी निघालेलेही होते. दुसऱ्या दिवशी सचिवाने एकेक पर्याय मांडायला सुरुवात केल्यावर प्रत्येक पर्यायाला विरोध करणाऱ्यांचेच बहुमत भरू लागले.

ब्रिटनच्या संसदेत अक्षरशः हेच झाले. २७ मार्च आणि १ एप्रिल २०१९ रोजी खासदारांनी सगळे पर्याय एकेक करून मतदानाला टाकून पाहिले. आधी आठ, मग चार. एकही मंजूर झाला नाही. महासंघाशी सीमाशुल्काची जोडणी कायम ठेवावी, हा पर्याय फक्त तीन मतांनी हुकला.

‘जनतेने कौल दिला होता, मग संसदेने तो अडवला कशाला?’ हा आक्षेप त्या काळात सर्वांत जास्त ऐकू आला आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण बाहेर पडण्याची रीतसर नोटीस देण्याच्या विधेयकाला फेब्रुवारी २०१७ मध्ये याच सभागृहाने ४९८ विरुद्ध ११४ मतांनी संमती दिली होती. निघायचे हे संसदेने मान्यच केले होते. भांडण होते ते कसे निघायचे यावर, आणि त्यावर जनतेला कोणी काही विचारलेले नव्हते. पंतप्रधान थेरेसा मे यांनी महासंघाशी केलेला विभक्तीचा करार जानेवारी २०१९ मध्ये सभागृहात आला, तेव्हा तो पाडणाऱ्यांमध्ये ब्रेग्झिटचे कट्टर विरोधक होते, तसेच कट्टर समर्थकही होते. त्या समर्थकांत खुद्द बोरिस जॉन्सन होते. पुढे ‘संसद ब्रेग्झिट अडवते आहे’ अशी तक्रार त्यांनी केली, तेव्हा या मतदानाची आठवण त्यांना कोणी करून दिली की नाही, कोण जाणे.

गाडे आयर्लंडच्या सीमेवर का अडले?

कराराचे घोडे अडले ते मुख्यतः एका सीमेवर. आयर्लंड या बेटावर दोन देश आहेत : दक्षिणेला आयर्लंडचे प्रजासत्ताक, जे युरोपीय महासंघात आहे, आणि उत्तरेला नॉर्दर्न आयर्लंड, जे ब्रिटनचा भाग आहे. दोहोंमधली सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांब आहे. तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८ मध्ये तिथे शांतता करार झाला आणि हळूहळू सीमेवरच्या चौक्या, तपासणी, बंदुकीचे पहारे नाहीसे झाले. आज गाडी चालवताना रस्त्याकडेच्या पाट्यांवर किलोमीटरऐवजी मैल दिसू लागले, की देश बदलल्याचे कळते.

मुंबईत शिरताना मुलुंड किंवा दहिसरच्या जकात नाक्यावर ट्रकांच्या रांगेमागे जो कधी अडकला असेल, त्याला पुढचा मुद्दा समजावून सांगायला नको. दोन प्रदेशांचे कर आणि नियम वेगळे झाले, की मधे नाका उभारावा लागतो. ब्रिटन बाहेर पडले, तर हा नाका नेमक्या त्या शांत झालेल्या सीमेवर येणार होता. तो टाळण्यासाठी मे यांच्या करारात एक तजवीज होती : दुसरा उपाय सापडेपर्यंत संपूर्ण ब्रिटनने महासंघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेत राहावे. इंग्रजीत याला ‘बॅकस्टॉप’ म्हणत. हा ‘तोपर्यंत’ कधीच संपणार नाही, अशी धास्ती मे यांच्याच सत्ताधारी हुजूर पक्षातल्या कट्टर गटाला होती, आणि आपली तात्पुरती व्यवस्था किती टिकाऊ असते हे ठाऊक असलेल्या माणसाला ही धास्ती अगदीच अनाठायी वाटणार नाही.

पंतप्रधान २३० मतांनी हरूनही टिकल्या कशा?

१५ जानेवारी २०१९ रोजी मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. ब्रिटिश संसदेच्या इतिहासात सरकारचा एवढा मोठा पराभव कधी झाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी विरोधकांनी अविश्वास ठराव आणला आणि मे तो ३२५ विरुद्ध ३०६ मतांनी जिंकल्या. आदल्या रात्री त्यांच्या विरोधात उभे राहिलेले स्वपक्षाचे ११८ खासदार दुसऱ्या संध्याकाळी मुकाट्याने त्यांच्या बाजूला आले होते. करार नंतर आणखी दोनदा पडला, १४९ आणि ५८ मतांनी.

इथे त्या कायद्याची ओळख करून घ्यावी लागेल, ज्याच्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. त्याला आपण मुदतीचा कायदा म्हणू. २०१० मध्ये हुजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट यांचे आघाडी सरकार आले. मोठ्या भावाने सोयीची वेळ साधून अचानक निवडणूक लावू नये आणि धाकट्याला वाऱ्यावर सोडू नये, म्हणून २०११ मध्ये हा कायदा करण्यात आला. त्यानुसार निवडणूक दर पाच वर्षांनी व्हायची. त्याआधी घ्यायची असेल तर दोनच वाटा. पहिली, सभागृहाच्या एकूण जागांच्या दोन तृतीयांश मतांनी तसा प्रस्ताव संमत होणे. जागा ६५०, म्हणून मते ४३४ लागणार. गैरहजर, तटस्थ, इतकेच काय, तत्त्व म्हणून संसदेत कधीच न बसणारे, नॉर्दर्न आयर्लंडच्या सिन फेन या पक्षाचे सात खासदारही हिशेबात धरायचे. दुसरी वाट अविश्वास ठरावाची. तो संमत झाल्यावर १४ दिवसांत कोणत्याही सरकारला विश्वासमत मिळवता आले नाही, तर निवडणूक. जॉन्सन यांना २९८ मते का पुरली नाहीत, याचे उत्तर पहिल्या वाटेत आहे.

या कायद्याच्या आधी पंतप्रधानाच्या हातात एक हत्यार असे. महत्त्वाच्या विषयावर तो स्वपक्षाच्या बंडखोरांना सांगू शकत असे, की हा ठराव पडला तर सरकार पडेल आणि उद्या तुम्हालाही मतदारांच्या दारात उभे राहावे लागेल. जुलै १९९३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान जॉन मेजर युरोपच्याच एका करारावरून सभागृहात हरले आणि दुसऱ्या दिवशी हीच दटावणी देऊन जिंकले. २०११ नंतर हे हत्यार बोथट झाले. सरकारच्या धोरणाला पाडा, सरकारला पाडू नका, तुमची जागा सुरक्षित आहे, अशी सोय खासदारांना मिळाली. जेम्स कॅलॅहन यांचे सरकार १९७९ मध्ये एका मताने गेले, वाजपेयी यांचे १९९९ मध्ये एका मताने गेले. मे मात्र २३० मतांनी हरून पंतप्रधान निवासात परतल्या. माझ्या मते त्या सगळ्या गोंधळाचे मूळ याच ठिकाणी आहे. सार्वमताने देश दुभंगला होता हे खरे, पण दुभंगलेल्या देशातही सरकार एक तर चालते किंवा पडते. इथे ते चालत नव्हते आणि पडतही नव्हते.

मे यांचे बहुमतही उसने होते. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःहून मुदतपूर्व निवडणूक मागितली, तेव्हा ५२२ विरुद्ध १३ मतांनी सभागृहाने ती देऊन टाकली होती. निकालात त्यांचे बहुमत गेले, हुजूर पक्ष ३१७ जागांवर आला आणि नॉर्दर्न आयर्लंडमधल्या, ब्रिटनशी घट्ट जोडून राहू पाहणाऱ्या डीयूपी या पक्षाच्या १० खासदारांच्या टेकूवर सरकार उभे राहिले. अखेर मे यांनी राजीनामा दिला आणि २४ जुलै २०१९ रोजी जॉन्सन आले. बाहेर पडण्यासाठी महासंघाने तोवर दोनदा वाढवून दिलेली मुदत ३१ ऑक्टोबरला संपत होती.

एकवीस जणांनी पक्षादेश मोडला, त्यांची खासदारकी का गेली नाही?

३ सप्टेंबरच्या दुपारी जॉन्सन सभागृहात निवेदन करत होते. कॉमन्समध्ये सत्ताधारी आणि विरोधक समोरासमोर बसतात. मधल्या मोकळ्या जागेत गालिच्यावर दोन लाल रेघा आहेत, आणि त्यांच्यातले अंतर दोन तलवारींच्या लांबीपेक्षा थोडे जास्त आहे असे परंपरा सांगते. पंतप्रधान बोलत असतानाच त्यांच्या पक्षाचे फिलिप ली उठले, ती जागा ओलांडून पलीकडे गेले आणि लिबरल डेमोक्रॅट खासदारांच्या बाकावर जाऊन बसले. जॉन्सन यांचे बहुमत एकाच खासदाराचे होते. भाषण संपण्याआधीच ते गेले.

त्या रात्रीचे मतदान मी फोनवर पाहिले. आपल्याकडे पहाटेचे अडीच वाजून गेले होते. तिथे बटण दाबून मतदान होत नाही. घंटा वाजते, खासदार आठ मिनिटांत दोन वेगवेगळ्या दालनांत जातात, दारे बंद होतात आणि बाहेर पडताना एकेकाची मोजणी होते. मग चार मोजणीदार सभापतींपुढे रांगेत उभे राहून, किंचित वाकून आकडा वाचतात. त्या रात्रीचा आकडा होता ३२८ विरुद्ध ३०१. सभागृहाचे कामकाज सरकारच्या हातून काढून दुसऱ्या दिवशी विरोधकांचे विधेयक घ्यायचे, असे त्या मतदानाने ठरले. हुजूर पक्षाचे २१ खासदार सरकारच्या विरोधात गेले होते. त्यात माजी अर्थमंत्री फिलिप हॅमंड होते, १९७० पासून सभागृहात असलेले केनेथ क्लार्क होते आणि चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्सही होते. सर्वांना त्याच रात्री संसदीय पक्षातून काढण्यात आले.

मराठी वाचकाला इथे हटकून ठेच लागते : पक्षादेश धाब्यावर बसवला, मग हे लोक दुसऱ्या दिवशी सभागृहात आले कसे? आपल्या राज्यघटनेत १९८५ पासून दहावी अनुसूची आहे. पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. ब्रिटनमध्ये पक्षांतरबंदी कायदा नाही. तिथे पक्षादेशाच्या चिठ्ठीतील वाक्याखाली महत्त्वानुसार एक, दोन किंवा तीन रेघा मारतात आणि तीन रेघांचा आदेश मोडला तर पक्ष दार बंद करतो, पण जागा मतदारसंघाने दिलेली असल्यामुळे ती पक्षाला काढून घेता येत नाही. तिथल्या बंडखोरांना म्हणून सुरत किंवा गुवाहाटी गाठावी लागली नाही. त्याचा एक परिणाम असा, की जॉन्सन यांनी शिस्त दाखवली आणि त्या शिस्तीनेच त्यांचे सरकार समोरच्या बाजूपेक्षा चाळीसहून अधिक मतांनी मागे फेकले गेले.

विरोधकांना निवडणूक नको होती की तारीख?

दुसऱ्या दिवशी कॉमन्सने ३२७ विरुद्ध २९९ मतांनी जे विधेयक संमत केले, ते मांडणारे खासदार हिलरी बेन यांच्या नावाने ओळखले जाते. १९ ऑक्टोबरपर्यंत संसदेने करार मान्य केला नाही आणि कराराविना बाहेर पडायलाही संमती दिली नाही, तर पंतप्रधानांनी महासंघाला पत्र लिहून ३१ जानेवारी २०२० पर्यंत मुदत मागावी, असे त्यात होते. पत्राचा मसुदासुद्धा कायद्याच्या परिशिष्टातच छापला होता. शाळेच्या वहीत ‘खालील मजकूर सुवाच्य अक्षरात लिहा’ म्हणतात, तसा. मुदत मागण्यापेक्षा खड्ड्यात पडून मेलेले बरे, असे जॉन्सन जाहीरपणे म्हणाले.

कराराविना बाहेर पडणे म्हणजे एका रात्रीत सगळे नियम तुटणे. सरकारच्याच एका टिपणात इशारा होता, की डोव्हर बंदराच्या वाटेवर ट्रकांना दीड ते अडीच दिवस ताटकळावे लागू शकते. हे टाळण्यासाठी सभागृहात बहुमत होते, पण ते बहुमत निवडणूक लागली की विरघळणार होते. मुदतीच्या कायद्यात आणखी एक बारीक फट होती : दोन तृतीयांश मतांनी निवडणूक मंजूर झाली, तरी मतदानाचा दिवस पंतप्रधानांच्या शिफारशीने ठरणार. जॉन्सन १५ ऑक्टोबर म्हणत होते. पण सभागृह विसर्जित झाल्यावर त्यांनी तो दिवस नोव्हेंबरात ढकलला, तर त्यांना कोण अडवणार? प्रचार चालू असतानाच ३१ ऑक्टोबर उलटला असता आणि ब्रिटन कराराविना बाहेर पडले असते. आधी मुदतवाढ पक्की करा, मग निवडणूक घ्या, असे मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन म्हणत होते ते यासाठी.

अविश्वास ठराव आणून सरकार पाडता आले असते, असा प्रतिप्रश्न कोणी करील. त्यात दोन अडचणी होत्या. ठराव जिंकल्यावरही १४ दिवस जात आणि तोवर जॉन्सन पदावरच राहू शकत होते. त्या १४ दिवसांत पर्यायी सरकार उभे करायचे, तर पंतप्रधान कोण? कॉर्बिन यांना दुसऱ्या कोणाचे नेतृत्व मान्य नव्हते, आणि लिबरल डेमोक्रॅट व हुजूर पक्षातून काढलेले बंडखोर यांना कॉर्बिन मान्य नव्हते. म्हणून सरकारला खुर्चीवर बसवून ठेवून त्याचे हातपाय बांधायचे, हा मार्ग त्यांनी काढला. लोकशाहीच्या दृष्टीने ते शोभादायक नव्हते, आणि सत्ताधाऱ्यांनी ‘मतदारांना घाबरलेले विरोधक’ म्हणून त्याचे पुरेपूर भांडवल केले.

संसदेला टाळे आणि न्यायालयाची किल्ली

या सगळ्याच्या आधीच, २८ ऑगस्टला, जॉन्सन यांच्या शिफारशीवरून राणी एलिझाबेथ यांनी संसद संस्थगित करण्यास मान्यता दिली होती. तहकूब करणे म्हणजे उद्यापर्यंत थांबणे. विसर्जित करणे म्हणजे सभागृह संपवून निवडणुकीला जाणे. संस्थगित करणे म्हणजे खासदार कायम ठेवून सत्र बंद करणे. हे नेहमी होते, पण साधारण काही दिवसांपुरते. या वेळी कालावधी पाच आठवड्यांचा होता आणि तो अगदी ३१ ऑक्टोबरच्या तोंडावर होता. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाला सभेत प्रश्न नको होते, म्हणून त्याने सभागृहालाच कुलूप घातले, असा त्याचा अर्थ विरोधकांनी लावला.

२४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की ही शिफारस बेकायदा होती. संसदेला तिचे काम करण्यापासून रोखायचे तर त्याला सयुक्तिक कारण हवे, आणि असे कोणतेही कारण सरकारने न्यायालयापुढे मांडलेले नाही. म्हणून संसद संस्थगित झालीच नव्हती, असे मानायचे. न्यायालयाने राजकारणात नाक खुपसले, ही टीका तेव्हा झाली आणि आजही होते. पण ब्रेग्झिट व्हावे की नाही यावर निकालपत्रात चकार शब्द नाही. सरकारला जाब विचारणारी जागा सरकारनेच बंद करावी का, एवढाच प्रश्न न्यायाधीशांनी घेतला होता. दुसऱ्या दिवशी खासदार परत बाकांवर होते.

वरडकर, विरळ भेट आणि शनिवारची बैठक

१० ऑक्टोबरला लिव्हरपूलजवळच्या एका जुन्या हवेलीत जॉन्सन आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वरडकर यांना भेटले. हे वरडकर म्हणजे मालवण तालुक्यातील वराड गावच्या कुटुंबातले. त्याच वर्षी डिसेंबरअखेर ते कुटुंबासह गावाला येऊनही गेले. आयरिश सीमेची गाठ सोडवताना टेबलाच्या एका बाजूला सिंधुदुर्गाचे आडनाव होते, हे मराठी वाचकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या भेटीत वाट दिसली आणि १७ ऑक्टोबरला नवा करार झाला. जकात नाका आयर्लंडच्या जमिनीवरून उचलून ब्रिटन आणि नॉर्दर्न आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात नेला, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल. ब्रिटनचे कोणतेही हुजूर सरकार अशी अट कधीच मान्य करणार नाही, असे जॉन्सन वर्षभरापूर्वी डीयूपीच्याच अधिवेशनात बोलून आले होते.

१९ ऑक्टोबरला, शनिवारी, कॉमन्स भरले. १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर शनिवारी भरण्याची ही पहिली वेळ होती. अंमलबजावणीचा पूर्ण कायदा संमत होईपर्यंत करारावर शिक्का मारायचा नाही, अशी दुरुस्ती ३२२ विरुद्ध ३०६ मतांनी संमत झाली. डीयूपीची दहा मते दुरुस्तीच्या बाजूने गेली होती. ती दहाच मते पलीकडे पडती, तर आकडा ३१२ विरुद्ध ३१६ झाला असता आणि जॉन्सन जिंकले असते. समुद्रातला नाका असा वसूल झाला. त्या रात्री पंतप्रधानांनी मुदत मागणारे पत्र सही न करता पाठवले, आणि सोबत, मुदत देऊ नका अशा आशयाचे दुसरे पत्र सहीनिशी.

तीन दिवसांनी कराराच्या विधेयकाला तत्त्वतः ३२९ विरुद्ध २९९ मतांनी मान्यता मिळाली. ब्रेग्झिटच्या एखाद्या कराराला या सभागृहात बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ. पण तीन दिवसांत चर्चा उरकण्याचे वेळापत्रक लगेच ३०८ विरुद्ध ३२२ मतांनी फेटाळले गेले, आणि जॉन्सन यांनी विधेयकच थांबवले.

४३४ चा अडसर साध्या बहुमताने कसा निघाला?

२८ ऑक्टोबरला महासंघाने ३१ जानेवारीपर्यंत मुदत दिली आणि विरोधकांची मुख्य अट पूर्ण झाली. त्याच दिवशी जॉन्सन यांचा निवडणुकीचा तिसरा प्रस्ताव पडला. मग सरकारने मुदतीच्या कायद्याला हात न लावता शेजारून वाट काढली : ‘त्या कायद्यात काहीही असले तरी १२ डिसेंबर २०१९ रोजी निवडणूक होईल’, अशा अर्थाचे दोन कलमांचे विधेयक आणले. ब्रिटनमध्ये लिखित राज्यघटना एका ग्रंथात नाही आणि संसदेने केलेला कोणताही कायदा संसद साध्या बहुमताने बाजूला सारू शकते. दोन तृतीयांशाची अटसुद्धा साध्या कायद्यानेच घातली होती. दाराला मोठे कुलूप होते, पण चौकट दोन स्क्रूंवर उभी होती.

आणि इथे तारीख कायद्यातच लिहिलेली असल्यामुळे विरोधकांची भीतीही उरली नाही. लिबरल डेमोक्रॅट आणि स्कॉटिश नॅशनल पार्टी यांना निवडणूक आता हवीच होती. मजूर पक्ष एकटा पडू लागला आणि वळला. शेवटी हमरीतुमरी उरली ती ९ डिसेंबर की १२ डिसेंबर एवढीच. ९ ला विद्यापीठातले विद्यार्थी अजून वसतिगृहांत असतील आणि त्यांची मते आपली, असा विरोधकांचा हिशेब होता. १२ तारीख राहिली. विधेयक ४३८ विरुद्ध २० मतांनी संमत झाले. ४३४ हून चार जास्तच. १९२३ नंतर डिसेंबरात झालेली ही पहिली निवडणूक.

सव्वा टक्का मते आणि ४८ जागा

ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच पद्धत आहे : मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. अशा पद्धतीत एकूण मते किती यापेक्षा समोरची मते फुटली की एकवटली, याला किंमत असते. हे हुजूर पक्षाने ओळखले होते. नायजेल फराज यांच्या ब्रेग्झिट पक्षाने हुजूर पक्षाने जिंकलेल्या ३१७ जागांवर उमेदवार न देण्याचे जाहीर केले आणि ब्रेग्झिटवाद्यांची मते बऱ्याच अंशी एका जागी आली. दुसऱ्या बाजूला लिबरल डेमोक्रॅट ब्रेग्झिट रद्दच करू म्हणत होते, तर मजूर पक्ष नवा करार करून त्यावर पुन्हा सार्वमत घेऊ आणि त्यात आमचे नेते तटस्थ राहतील असे सांगत होता. एवढे लांबलचक वाक्य दारोदार जाऊन सांगायचे, तर समोरचा माणूस तोवर दार लावून घेतो. हुजूर पक्षाकडे तीन शब्द होते : ब्रेग्झिट उरकून टाका.

हुजूर पक्षाची मते २०१७ च्या तुलनेत सव्वा टक्क्याच्या आसपासच वाढली, ४३.६ टक्क्यांवर गेली. जागा मात्र ३१७ वरून ३६५ झाल्या. मजूर पक्ष ४० टक्क्यांवरून ३२ वर आणि २०२ जागांवर घसरला; १९३५ नंतर त्याला इतक्या कमी जागा कधी मिळाल्या नव्हत्या. उत्तर इंग्लंड आणि मिडलंड्समधल्या जुन्या खाणगावांत पिढ्यान्‌पिढ्या मजूर पक्षाला जाणारी मते फिरली. बोल्सोव्हरमधून १९७० पासून निवडून येणारे, स्वतः खाणकामगार राहिलेले डेनिस स्किनर हरले. टोनी ब्लेअर यांचा जुना मतदारसंघ सेजफील्डही गेला. लिबरल डेमोक्रॅटच्या नेत्या जो स्विन्सन यांची स्वतःची जागा गेली. पक्षातून काढलेल्या त्या एकवीस जणांपैकी जे अपक्ष म्हणून उभे राहिले, त्यांच्यातला एकही परतला नाही.

नव्या सभागृहात जॉन्सन यांना ८० चे बहुमत होते. जे विधेयक ऑक्टोबरात वेळापत्रकावर अडकले होते, ते २० डिसेंबरला ३५८ विरुद्ध २३४ मतांनी पुढे सरकले. ३१ जानेवारी २०२० रोजी लंडनच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजले, तेव्हा ब्रिटन महासंघातून बाहेर पडले.

मुदतीच्या कायद्याचे पुढे काय झाले?

मार्च २०२२ मध्ये तो रद्द झाला. सभागृह विसर्जित करण्याचा अधिकार पूर्वीसारखा राजसत्तेकडे, म्हणजे व्यवहारात पंतप्रधानाकडे गेला, आणि विसर्जनाचा निर्णय कोणत्याही न्यायालयात तपासता येणार नाही असे कलमही तो रद्द करणाऱ्या नव्या कायद्यात घालून ठेवले. २०१९ चा निकाल सरकारला चांगलाच लागला होता म्हणायचा.

आपल्याकडे १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडलेल्या १२९ व्या घटनादुरुस्ती विधेयकाची रचना वेगळी आहे. त्यात सभागृह मध्येच विसर्जित करता येते, फक्त नवे सभागृह उरलेल्या मुदतीपुरतेच निवडले जाते. ब्रिटनसारखे सरकार कोंडून ठेवण्याची सोय त्यात नाही. पण सभागृह वर्ष-दीड वर्षासाठीच निवडायचे असेल, तर त्यासाठी निवडणूक ओढवून घ्यायला आमदार-खासदार किती तयार होतील, आणि त्या अनिच्छेच्या आधाराने अल्पमतातली सरकारे किती रेंगाळतील, हा प्रश्न २०१९ चे ब्रिटन पाहिलेल्या माणसाला पडल्याशिवाय राहत नाही.

परत मिळालेला तो अधिकार पहिल्यांदा वापरला ऋषी सुनक यांनी. २२ मे २०२४ च्या संध्याकाळी ते डाउनिंग स्ट्रीटवर भर पावसात छत्रीविना उभे राहिले आणि त्यांनी ४ जुलैची तारीख जाहीर केली. सभागृहाला विचारायचे नव्हते, ४३४ डोकी मोजायची नव्हती. सहा आठवड्यांनी हुजूर पक्षाच्या जागा १२१ वर आल्या.